संग्रहणी : पनवेलच्या वाटेवरील एका जुन्या दुखण्याचा इतिहास

नावडे हे कासाडी नदीकाठचे, भातखाचरांनी वेढलेले लहानसे गाव होते, त्या काळी घरोघरी एक शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. तो शब्द म्हणजे ‘संग्रहणी’. जेवण झाले की पोटात गुबारा धरावा, पोट नगाऱ्यासारखे तट्ट व्हावे, दिवसातून चार-सहा वेळा ढाळ व्हावेत, दोन दिवस बरे वाटावे आणि पुन्हा तेच सुरू व्हावे, असे महिनोन्महिने चालले म्हणजे वडीलधारी माणसे ‘याला संग्रहणी लागली’ असे म्हणत. रोगी हळूहळू वाळत जाई, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी दिसे, चेहरा पांढरा पडे. साथीच्या आजाराप्रमाणे हा आजार एका रात्रीत माणूस नेत नसे. म्हणूनच त्याची दखल ना सरकारदप्तरी फारशी घेतली गेली, ना कोणी त्याची बखर लिहिली. मात्र या दुखण्यावर माणसाने काय काय उपाय केले, याचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातील कित्येक प्रकरणे आपल्या पनवेल परिसरात आणि मुंबईच्या परळ भागात घडली आहेत.

प्राचीन वैद्यांनी या दुखण्याचा विचार बारकाईने केला होता. अचानक होणारे जुलाब म्हणजे अतिसार, आणि दीर्घकाळ रेंगाळणारा, कधी पातळ तर कधी घट्ट मलप्रवृत्ती करणारा विकार म्हणजे ग्रहणी, असा स्पष्ट भेद त्यांनी केला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीसाठी एक आणि अतिसारासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. माधवनिदान या रोगनिदानाच्या प्रसिद्ध ग्रंथातही ही दोन प्रकरणे एकापाठोपाठ, परंतु वेगवेगळी येतात. आजचे वैद्यकशास्त्रही चौदा दिवसांच्या आतील जुलाब, चौदा दिवसांहून अधिक रेंगाळणारे जुलाब आणि चार आठवड्यांपलीकडचे जुलाब यांचा विचार निरनिराळा करते. कारण कालावधी बदलला की कारणेही बदलतात. दोन हजार वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाशिवाय, केवळ रोग्याजवळ बसून हा भेद ओळखला गेला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

ग्रहणीच्या रोग्याला चरकाने ताक सांगितले. लोणी काढून घेतलेले, पाणी घालून घुसळलेले, पचायला हलके असे ते ताक. कोकणातल्या वैद्यांनी शतकानुशतके हाच उपाय चालवला. दूध बंद, ताक सुरू. जोडीला जुन्या तांदळाचा मऊ भात, सुंठ, जिरे, सैंधव. यामागील एक कारण आता समजले आहे. दुधात एक प्रकारची साखर असते. लहानपणी ती पचवणारे द्रव्य आतड्यात भरपूर तयार होते, परंतु वयाबरोबर पुष्कळ भारतीयांत ते कमी होते. उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे प्रमाण अधिक आढळते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की तेथील जंतू तिच्यापासून वायू तयार करतात. पोट फुगते, गुडगुडते आणि ढाळ होतात. दही विरजताना त्यातील जंतू या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात, आणि पोटात गेल्यावर उरलेली पचवण्यासही हातभार लावतात. दीर्घ आजारात आतड्याचे अस्तर झिजलेले असते, तेव्हा ज्याला एरवी दूध पचते त्यालाही ते पचेनासे होते. ताकाने आजाराचे मूळ जाईच असे नाही, परंतु रोग्याच्या पोटात अन्न टिके, आणि तेवढ्यानेही काही जण तरून जात.

पनवेल हे त्या काळी वाटेवरचे गाव. मुंबईहून होडीने खाडीमार्गे पनवेल, तेथून बैलगाडीने बोरघाट चढून पुणे, असा नेहमीचा प्रवास. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ आणखी वाढली. वाटेने माल जातो, माणसे जातात, तसे रोगही जातात. पेशवाई संपली त्याच १८१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात पटकीची पहिली मोठी साथ घाटावरून पनवेलमार्गे मुंबईत शिरली. तिचा वृत्तांत मुंबई सरकारच्या वैद्यकमंडळाने पुढच्याच वर्षी छापला. इंग्रज डॉक्टर त्या वेळी रोग्याचे रक्त काढत, पारायुक्त औषध आणि अफूचा अर्क देत. पाणी मात्र जपूनच. आपल्याकडील घरांतही ‘आधीच पाणी पडते आहे, वर आणखी पाणी कशाला’ या समजुतीने तहानेने तडफडणाऱ्या रोग्याचा तांब्या बाजूला ठेवला जाई. या एका चुकीत पूर्व आणि पश्चिम दोघेही सारखेच दोषी होते.

पटकीला मराठीत ‘मोडशी’ असाही जुना शब्द आहे. अंग मोडून टाकणारी ती मोडशी. गोव्याच्या पोर्तुगीजांनी तो उचलून ‘मोर्देशिम’ केला आणि फ्रेंचांनी त्याचे ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे भाषांतर करून टाकले. मूळ शब्दाचा कुत्र्याशी काही संबंध नाही, हे युरोपातील पंडितांना बऱ्याच उशिरा उमगले.

या रोगाचे वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपीय लेखकांपैकी एक होता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजवटीकडून खंडाने मिळाले होते, त्यामुळे या किनाऱ्याशी त्याचा जवळचा संबंध. १५६३ साली त्याने गोव्यात औषधी वनस्पतींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ छापला. देशी वैद्यांकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली, ती मात्र वैद्यकीच्या कारणासाठी नव्हे, तर तो छुपा यहुदी असल्याच्या आरोपावरून.

पोर्तुगीजांना या किनाऱ्यावर जे औषध सर्वात मोलाचे वाटले, ते म्हणजे आपला कुडा. त्याचे गुण त्यांना मलबारात कळले म्हणून त्यांनी त्याला ‘मलबारची वनस्पती’ म्हटले. माथेरान-कर्नाळ्याच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांनी डवरणारा हा लहानसा वृक्ष म्हणजेच संस्कृत ग्रंथांतील कुटज. त्याची साल अत्यंत कडू. आव पडणे, रक्ताची हगवण आणि जुनी ग्रहणी या तिन्हींत ती उगाळून, काढा करून किंवा अरिष्ट करून दिली जाई. त्याच्या बियांना इंद्रजव म्हणतात.

परंतु या कुड्याने एक धडा असाही दिला की, जो प्रत्येक व्यापाऱ्याला चांगला ठाऊक असतो. कुडे दोन. पांढरा कुडा कडू आणि औषधी. काळा कुडा दिसायला त्याच्यासारखाच, परंतु आवेवर तितका उपयोगी नाही. बाजारात पहिल्याचे बी कडू इंद्रजव आणि दुसऱ्याचे गोडे इंद्रजव म्हणून विकले जाते. जाणकार मनुष्य शेंगांवरून ओळखतो : काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. थोर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या काळातही या दोन झाडांचा घोटाळा झाला होता. युरोपात ‘कोनेसी’ नावाने ही साल जाऊ लागली, तेव्हा पांढऱ्याच्या गोण्यांत काळ्याची भर पडू लागली, रोग्यांना गुण येईना, आणि शेवटी तेथील वैद्यांनी औषधच टाकून दिले. विल्यम डायमॉक या मुंबईच्या सरकारी औषधभांडाराच्या प्रमुखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सहकाऱ्यांसमवेत भारतीय वनौषधींचा जो तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही कुड्याची हकिगत आली आहे. माल खोटा निघाला की नाव खऱ्या मालाचे जाते, हे कापडाच्या पेढीवर जितके खरे, तितकेच ते औषधाच्या पेढीवरही खरे ठरले.

कुड्याचा शोध तेथेच थांबला नाही. १८५८ साली हेन्स या संशोधकाने सालीतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवेच्या रोग्यांवर कुड्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आवेच्या जंतूंवर या द्रव्याचा परिणाम होतो, हे दिसून आले. मात्र शुद्ध द्रव्य मोठ्या मात्रेत दिले असता झोप उडणे, मन अस्वस्थ होणे असे दुष्परिणामही दिसले, आणि नव्या गोळ्या आल्यावर डॉक्टरांनी ते सोडून दिले.

या सर्व काळात पनवेलने मात्र कुडा सोडला नाही. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे श्री धूतपापेश्वर या औषधी कारखान्याची स्थापना केली. राजापूरजवळील धूतपापेश्वर या देवस्थानाचे नाव त्याला देण्यात आले. तोपर्यंत औषध म्हणजे वैद्याने आपल्या घरी खलबत्त्यात कुटलेले आणि पुडीत बांधून दिलेले. तेच औषध मोठ्या प्रमाणावर, एकाच पद्धतीने तयार करून बाटलीत भरावे आणि दूरगावी पाठवावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. पनवेलचे नाव आयुर्वेदाच्या नकाशावर ठळक झाले ते यामुळे. ज्या रोगाने पनवेलच्या वाटेवरील प्रवाशांना छळले, त्याच वाटेने पनवेलची औषधे बाहेर जाऊ लागली.

आता याच परिसरातील एका रोग्याची हकिगत पाहणे उचित ठरेल. हा रोगी सर्वांच्या परिचयाचा आहे. १९१८ सालच्या ऑगस्टमध्ये महात्मा गांधी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामासाठी पायी हिंडत होते. आहार भुईमुगाचा आणि लिंबाचा. पोट आधीच थोडे बिघडलेले. सणाच्या दिवशी कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी आणि मूग केले होते. मोह आवरला नाही आणि तासाभरातच आव सुरू झाली. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा शौचास जावे लागले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. औषध घ्यायचे नाही, इंजेक्शन नको, दूध तर व्रतामुळे वर्ज्य. गायी-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी गोठ्यांत फुंकणीची जी क्रूर पद्धत चाले, तिची माहिती कळल्यावर त्यांनी दूध न घेण्याचे व्रत केले होते. अहिंसेच्या उपासकांस या व्रतामागील भावना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परिणामी चार-आठ दिवसांचे दुखणे महिनोन्महिने लांबले. मृत्यू जवळ आला, असे त्यांना वाटले. केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ, ज्यांना बर्फाच्या उपचारांमुळे ‘आइस डॉक्टर’ असे गमतीने म्हटले जाई, आश्रमात येऊन त्यांच्या अंगावर बर्फाचा प्रयोग करू लागले. त्याने थोडी उभारी आली. अंडी घेण्याची त्यांची सूचना गांधीजींनी अर्थातच नाकारली. पुढे मित्रांच्या आग्रहावरून हवापालटासाठी ते आपल्या शेजारच्या माथेरानला आले. पनवेलकरांना दररोज समोर दिसणारा तो डोंगर. परंतु तेथील जड पाणी त्यांना मानवेना, शौचाचा त्रास असह्य झाला आणि आठवडाभरातच त्यांना डोंगर उतरावा लागला. मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना तपासून स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली : व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचे दूध का चालू नये? गांधीजींनी ते मान्य केले आणि प्रकृती सुधारली. व्रताचे शब्द पाळले, परंतु त्यातील आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवली.

या प्रकरणाकडे निव्वळ व्रताची कथा म्हणून पाहिले जाते. वैद्यकाच्या दृष्टीने ते दीर्घ आजाराचे उत्तम उदाहरण आहे. तीव्र आव ओसरल्यावरही रोगी खंगत गेला, कारण शरीराला पुन्हा बांधायला लागणारे अन्नच पोटात जात नव्हते. लंघनाला वैद्यकात स्थान आहे, पण ते थोड्या वेळापुरते. संग्रहणीच्या कित्येक रोग्यांना घरच्यांनी ‘पोटाला विश्रांती’ म्हणून आठवडेच्या आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांतही सुनांच्या वाट्याला ही विश्रांती अधिक आली, हे नमूद केले पाहिजे.

पुढचा मोठा अध्याय मुंबईत परळ येथे लिहिला गेला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली वाल्देमार हाफकिन यांच्या प्लेगविषयक संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या आणि दारिद्र्यात राहणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक भयंकर पंडुरोग होत असे, आणि त्यात अनेकींचा मृत्यू होई. त्याचे कारण शोधणे हे तिचे काम. ती रुग्णालयापुरती थांबली नाही. कोणत्या स्त्रिया काय खातात, काय त्यांना परवडत नाही, हे ताटात डोकावून पाहिले. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि दूध नाही, त्यांनाच हा रोग अधिक, हे तिच्या ध्यानात आले. मग उंदीर आणि माकडे यांच्यावर प्रयोग झाले. (प्राण्यांना त्रास देऊन मिळालेल्या या ज्ञानाविषयी जैन वाचकांच्या मनात विषाद उत्पन्न होणे स्वाभाविक आहे, इतिहास मात्र जसा घडला तसाच सांगावा लागतो.) त्या काळी अशा पंडुरोगावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क देत, जो महागडा तर होताच, शिवाय शाकाहारी स्त्रियांनी घेणे कठीण. लुसी विल्सने त्याऐवजी यीस्टचा स्वस्त अर्क वापरून पाहिला. मरणाच्या दारातील स्त्रिया काही दिवसांत उठून बसू लागल्या. १९३१ साली तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या अर्कात नेमके काय होते, हे दहा वर्षांनी कळले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ साली ते कारखान्यात बनवता येऊ लागले, आणि लगेचच ते संग्रहणीच्या एका प्रकाराला लागू पडले. उष्ण प्रदेशातील या प्रकाराला डॉक्टर ‘स्प्रू’ म्हणतात. पोट फुगणे, फिकट रंगाचे भरपूर ढाळ, लाल सोललेली जीभ, पंडुरोग, झिजणे, ही त्याची लक्षणे. सुरुवातीला वर्णिलेल्या रोग्याशी ती किती जुळतात, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. स्प्रूमध्ये आतड्याचे अस्तर सपाट होते, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन यांचा कित्येक आठवड्यांचा उपचार केल्यावर असे रोगी बरे होऊ लागले. १९६० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी दक्षिणेकडील खेड्यांतून स्प्रूच्या साथींचा अभ्यास केला. पिढ्यान्‌पिढ्या असाध्य मानलेल्या दुखण्याचा एक मोठा वाटा अशा रीतीने काही आण्यांच्या गोळ्यांच्या आवाक्यात आला. त्याची पहिली पायरी मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांच्या ताटात होती, ही बाब आपल्या भागात अजूनही फारशी कोणास ठाऊक नाही.

शाकाहारी कुटुंबांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. दूध-दह्यातून जे थोडे मिळते तेही जुनाट जुलाबात अंगी लागत नाही. हातापायांना मुंग्या येणे, थकवा आणि विस्मरण ही लक्षणे मग ‘वयाची’ म्हणून सोडून दिली जातात. साध्या रक्ततपासणीने ही कमतरता कळते.

सारे औषधोपचार इतके सुखावह ठरले नाहीत. स्वातंत्र्योत्तर काळात पोट बिघडले की ‘एन्टरो-वायोफॉर्म’ची गोळी घेणे हा घरोघरचा परिपाठ होता. प्रवासाला निघताना बायका ती डब्यात बांधून देत. त्यातील क्लिओक्विनॉल या द्रव्याच्या दीर्घ वापराने जपानमध्ये सुमारे दहा हजार माणसांचे पाय लुळे पडले, काहींची दृष्टी गेली. सप्टेंबर १९७० मध्ये जपानने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. निर्मात्या कंपनीने मात्र ते जगभरातून मागे घ्यायला पुढे सुमारे पंधरा वर्षे लावली. विशेष म्हणजे रोग्याला आव आहे, स्प्रू आहे की केवळ दूध पचत नाही, हे न पाहताच ही गोळी घेतली जाई. नाव एकच, म्हणून औषधही एकच, ही जुनी चूक नव्या वेष्टनात आली एवढेच.

पाण्याविषयीची चूक दुरुस्त झाली ती १९७१ साली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून ठेवले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले. साखरेबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणी, एवढेच त्यामागील रहस्य. डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आपल्या कोकणातील मीठ घातलेली तांदळाची पेज याच नात्याची. ती देणाऱ्या आजीला क्षार आणि शर्करा यांची गणिते ठाऊक नव्हती, पण हात बरोबर होता. लहान मुलांच्या जुलाबात मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारसही जागतिक आरोग्य संघटनेने २००४ पासून केली आहे.

पाण्याचा प्रश्न येतो तेव्हा गाळण्याचा उल्लेख ओघानेच येतो. जैन घरांत पाणी गाळून घेण्याची आणि जिवाणी पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची प्रथा सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. तिचा आरोग्याशी असलेला संबंध रिटा कोलवेल या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिला. बांगलादेशातील मतलब भागात पासष्ट गावांतील स्त्रियांनी जुनी सुती साडी किमान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळले, आणि पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक किड्यांना चिकटलेले असतात आणि ते किडे कापडात अडकतात. येथे नवे कोरे कापड चालत नाही. वापरून, धुऊन मऊ झालेल्या सुताचे धागे पसरतात आणि छिद्रे लहान होतात. जुने कापडच खरे गाळणे.

परंतु गाळण्याला मर्यादा आहे. १६८१ साली हॉलंडमधील कापडव्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः बनवलेल्या भिंगाखाली आपलेच पातळ शौच तपासले आणि त्यात पोहणारे सूक्ष्म जीव पाहिले. कापडाचे धागे मोजण्यासाठी भिंग वापरणाऱ्या या मनुष्याने जिआर्डिया हा जंतू प्रथम पाहिला, असे मानले जाते. आठवडेच्या आठवडे पोट फुगणे, दुर्गंधीयुक्त वायू, चिकट ढाळ, अन्नावरची वासना जाणे, हे याच जंतूचे काम. त्याची कवचे इतकी बारीक असतात की चारपदरी साडीतूनही सहज निसटतात, आणि क्लोरीनलाही ती बऱ्यापैकी दाद देत नाहीत. उकळल्यावर मात्र मरतात. गाळून मग उकळलेले ‘पक्के पाणी’ पिण्याच्या परंपरेत या दोन्ही पायऱ्या आहेत. आज बाहेरगावी आणि समारंभांत त्यातील दुसरी पायरी बहुधा गळते.

गव्हाची बाजूही पाहिली पाहिजे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि जुनाट जुलाबाने खंगलेली काही मुले उलट सुधारू लागली. डॉ. विलेम डिके यांना गव्हाविषयी आधीपासून संशय होता; या काळाने तो पक्का झाला. या रोगाला सीलियाक म्हणतात. उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला तो असतो, दक्षिणेत फारच कमी. राजस्थान-गुजरातकडून येऊन नवी मुंबई परिसरात स्थायिक झालेल्या गहू खाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. मात्र तपासणीआधीच गहू सोडू नये, कारण मग रक्ततपासणीत रोग सापडत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने २००५ पासून कांदा, लसूण, गहू आणि कडधान्ये यांतील वायू करणाऱ्या शर्करांचा अभ्यास केला आहे. कांदा-लसूण आपल्याकडे नाहीत, ते अहिंसेसाठी. परंतु चणे, राजमा आणि गव्हाची फुलकी भरपूर असतात, तेव्हा त्या यादीने हुरळून जाण्याचे कारण नाही.

नावडे आता ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या आहेत, आणि ‘संग्रहणी’ हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. दुखणे गेलेले नाही. त्याच्या जागी आता ‘गॅस’ आणि ‘अ‍ॅसिडिटी’ हे शब्द आले असून त्यांच्याखाली जिआर्डियापासून आतड्याच्या क्षयापर्यंत आणि निव्वळ नाजूक आतड्याच्या विकारापर्यंत सर्व काही खपते. महिनाभर चाललेले ढाळ, शौचातून रक्त, आपोआप घटणारे वजन, संध्याकाळचा ताप, झोपेतून उठवणारा जुलाब, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच बदललेली शौचाची सवय, यांपैकी एकही असेल तर ताक, हिंगाष्टक आणि मेडिकलच्या दुकानातील गोळी यांवर दिवस काढू नयेत. शौचाची, रक्ताची आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी पनवेलमध्येच होते.

माथेरानच्या पायथ्याशी कुडा अजूनही फुलतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडी ठाकूर-कातकरी स्त्रिया त्याची फुले आणि कोवळ्या शेंगा भाजीसाठी बाजारात आणतात. भाजी कडवट असते. जुनी माणसे ती वर्षातून एकदा तरी आवर्जून घेतात, आणि घेताना शेंगा सुट्या आहेत की टोकाशी जुळलेल्या, हे पाहून घेतात.